आकाश आहे, आभाळ नाही

मराठीत ‘आकाश’ आणि ‘आभाळ’ हे शब्द आपण बरेचदा एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. आकाश कोरं असू शकतं. आभाळ मुळातच ढगांचं. त्या शब्दाच्या पोटात ‘अभ्र’ आहे. म्हणून आभाळ येतं, भरून येतं, झाकोळतं, फाटतं, निवळतं. आकाश यातलं फारसं काही करत नाही. एकोणिसाव्या शतकात काढलेली इथल्या डोंगरांची छायाचित्रं पाहू लागले तेव्हा हा फरक मला फार उपयोगी पडला. त्या छायाचित्रांत आकाश आहे, आभाळ नाही.

अशी छायाचित्रं पाहायला दिल्ली ही चांगली जागा आहे. पुण्यात १९२५ साली जन्मलेले इब्राहिम अल्काझी नाटकासाठी दिल्लीत आले आणि पुढे त्यांनी जमवलेला जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह इथेच राहिला. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत. हे दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे, म्हणजे आजच्या हिशेबाने राजधानी परिसरातलेच. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातल्या फलकांचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला. इंग्रजी मजकुरात ‘ड्रमॅटिक लाइट’ आणि ‘स्टॉर्मी स्काय’ हे शब्द जागोजागी होते. ‘नाट्यमय प्रकाश’ असं लिहिलं की डोंगरावर कुणीतरी रंगमंचाचा दिवा सोडल्यासारखं वाटे. ‘वादळी आकाश’ लिहिलं की हवामान खात्याचा इशारा. मराठीत या उजेडाला शब्द कमी नाहीत: मळभ, झाकोळ, उघडीप, तिरीप, पावसाळी ऊन. पण हे सगळे हवेबद्दल बोलतात, चित्राबद्दल नाही. डोंगरावरच्या उजेडाला ‘नाट्य’ म्हणायची सवय कुठून आली, आणि ज्या काळात ते नाट्य छायाचित्रांत मुळीच नव्हतं त्या काळात ढगांचं काय होत होतं, हे शोधत मी फलकांपासून बरीच लांब गेले.

उत्तराचा पहिला भाग रसायनाचा आहे. १८५१पासून पुढची तीसेक वर्षं छायाचित्रणात ओल्या कोलोडियनची पद्धत चालत होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. या काचेला निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश तेवढा दिसे. हिरवा अगदी थोडा, तांबडा जवळजवळ नाहीच. डोंगर हिरवा आणि तपकिरी, आकाश निळं. डोंगराचा तपशील काचेवर उतरेपर्यंत आकाश जळून पांढरं होई. ढगही पांढरा, त्यामागचं आकाशही पांढरं. त्यात डाग पडले तर छायाचित्रकार निगेटिव्हवर आकाशाच्या भागाला सरळ काळा रंग फासत, म्हणजे कागदावर ते स्वच्छ कोरं उमटे. त्या काळातल्या डोंगरांवरचं निरभ्र आकाश बरेचदा असं हाताने पुसलेलं आहे.

या पद्धतीने हिमालयात सर्वांत जास्त काम केलं ते सॅम्युअल बोर्न याने. नॉटिंगहॅममधल्या बँकेतली नोकरी सोडून तो १८६३च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला आणि शिमल्याला गेला. ‘बोर्न अँड शेफर्ड’ या पेढीच्या नावातला बोर्न तो हाच. त्याची पहिली मोहीम २९ जुलै १८६३ला शिमल्याहून निघाली. सोबत तीसेक हमाल, त्यांच्या पाठीवर काचा, बाटल्या, तंबू, कॅमेरे. तारीख पुन्हा पाहा: जुलैची अखेर, शिमल्यात ऐन पावसाळा. सतलजच्या खोऱ्यातून स्पितीच्या बाजूला, म्हणजे पावसाच्या सावलीतल्या मुलखाकडे, तो दहा आठवडे फिरला आणि ऑक्टोबरमध्ये १४७ निगेटिव्ह घेऊन परतला. १८६४ साली तो कांगडा आणि चंबा करत काश्मीरला गेला. १८६६च्या तिसऱ्या मोहिमेत मनिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, त्याने छायाचित्रं काढली; एवढ्या उंचीवर पुढची वीस वर्षं कुणी कॅमेरा लावला नाही.

या छायाचित्रांतले देवदार पानन् पान मोजावेत इतके स्पष्ट आहेत. कड्यांवरच्या भेगा, हिमनदीवरचे दगड, झुलत्या पुलाचे दोर, सगळं आहे. मोजके अपवाद सोडले तर नाही तो ढग. जिथे महिनोन् महिने ढग माणसांच्या उंबरठ्याशी येऊन बसतात त्या डोंगरांची ही चित्रं. चित्रांत न आलेली आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती बोर्नने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या प्रवासांचे वृत्तान्त त्याने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’मध्ये छापले. हमाल ओझी टाकून पळून जात, गावांत लपत, आणि आपण काठी घेऊन त्यांना शोधून काढलं, ती चालवलीही, हे तो त्यात संकोच न करता सांगतो. शिमल्याच्या आसपासच्या संस्थानांत बेगार होती. साहेबाचं ओझं वाहणं हा गावावर बसवलेला कर होता. तेव्हा त्या शांत, निरभ्र डोंगरचित्रांच्या चौकटीबाहेर दोन वादळं आहेत. एक काचेला दिसलं नाही. दुसरं छायाचित्रकाराला चित्राचा विषय वाटलं नाही.

यावर कुणी म्हणेल की तंत्रच तसं होतं, त्याला कोण काय करणार? पण मग आधीच्यांनी काय केलं होतं तेही पाहायला हवं. बोर्न १८६४ला ज्या कांगड्यातून गेला, त्याच टेकड्यांत त्याच्या साठ-ऐंशी वर्षं आधी बारमास्यांची चित्रं रंगवली जात होती. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पहाडी चित्रांच्या दालनात उभं राहिलं की श्रावण-भाद्रपदाची पानं लगेच ओळखू येतात: वरच्या कडेला काजळी ढगांच्या गुंडाळ्या, त्यांतून सोन्याच्या रेघेची वीज, काळ्या ढगापुढून उडणारी पांढऱ्या बगळ्यांची ओळ, खाली टेकडीचा गोल हिरवा खांदा. गुलेर, बसोली, कांगडा इथल्या चितारींना डोंगर आणि ढग वेगळे काढणं सुचलंच नसतं. संस्कृत कवितेतही ते वेगळे नाहीत. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर उभा राहून डोंगराला टेकलेल्या ढगाशी बोलतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या ढगाची वाट पुढे कुरुक्षेत्रावरून, म्हणजे दिल्लीच्या उशाशून, हिमालयाकडे जाते.

इंग्रज चित्रकारांनाही आपल्या पावसाळ्याचं वावडं नव्हतं. पश्चिम भारताची दृश्यं छापणाऱ्या रॉबर्ट ग्रिंडलेच्या पुस्तकात, १८२६ ते १८३०च्या दरम्यान, मुंबई बंदरावर चालून येणाऱ्या मान्सूनचं एक चित्र आहे: काळी भिंत, खालून उजेडाची पट्टी, कलंडलेली शिडं. आणि सह्याद्रीतल्या उजेडाचं सर्वांत सुंदर निरीक्षण तर एका लष्करी अधिकाऱ्याने, कॅमेऱ्याचा शोध जाहीर होण्याच्या आधी, निव्वळ शब्दांत नोंदवलेलं आहे. कर्नल विल्यम साइक्स हा दख्खनचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात तो हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरचा प्रसंग सांगतो. कोकणातून चढलेलं धुकं कड्याच्या काठाशी येऊन थांबलेलं, पठारावर आत न येणारं, सूर्य पाठीशी, आणि समोर धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य, त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली. सोबतच्या प्रत्येकाला फक्त आपलीच सावली दिसत होती, हेही त्याने टिपलं आहे. मराठीत आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो.

म्हणजे शब्दांत, रंगांत, छापील चित्रांत पावसाळी डोंगर होता. छायाचित्र आलं आणि तो गेला. प्रगत मानलेल्या माध्यमाने आधीच्या माध्यमांना येणारी एक गोष्ट विसरायला लावली, आणि ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ या भरवशामुळे ती विसरल्याचंही कुणाला जाणवलं नाही.

युरोपात मात्र हे जाणवलं होतं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७मध्ये समुद्राची काही चित्रं दाखवली. त्यांतले ढग आणि लाटा दोन्ही इतके स्पष्ट होते की लोक चकित झाले. त्याची युक्ती अशी की काही चित्रांसाठी त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या: एक समुद्राची, एक आभाळाची, आणि दोन्ही एका कागदावर क्षितिजरेषेपाशी जुळवून छापल्या. एकच आभाळ त्याने एकाहून जास्त समुद्रांवर वापरलं. पुढे ही रीतच पडली. ढगांच्या निगेटिव्ह वेगळ्या काढून ठेवायच्या आणि लागेल तशा डोंगरांवर, चर्चवर, शेतांवर छापायच्या. हेन्री पीच रॉबिन्सन याने १८६९च्या आपल्या पुस्तकात याचं शास्त्रच मांडलं. त्यावर वादही झाले: ढगांचा उजेड डावीकडून आणि डोंगराचा उजवीकडून असेल तर चालेल का? टीकाकारांचा आक्षेप होता तो बेमालूम न जुळण्याला; जोडण्याला नव्हे.

अनुवादक म्हणून मला या वादात फार ओळखीचं काही दिसतं. मुळातली ओळ आपल्या भाषेत कोरी पडते तेव्हा तिच्यावर आपल्या साठ्यातलं आभाळ छापण्याचा मोह होतो. ते छान दिसतं, वाचणाऱ्याला बरं वाटतं, आणि उजेडाची दिशा जुळली तर कुणाला कळतही नाही. उलट शब्दाला शब्द ठेवून सगळी हवा पुसून टाकणारा अनुवादही असतो; त्यात देवदाराची पानं मोजता येतात आणि पाऊस पडत नाही. या दोहोंतलं कोणतं जास्त प्रामाणिक, असं विचारून भागत नाही. कोरं आकाश अपुरं असतं. भरलेलं आभाळ कुणीतरी निवडलेलं असतं. वाचणाऱ्याला दोन्हीची कल्पना असली पाहिजे, इतकंच.

दिल्लीत याचं सर्वांत बोचरं उदाहरण शहराच्या आतच आहे. उत्तर दिल्लीतला रिज, ज्याला जुने लोक नुसतं ‘पहाड़ी’ म्हणतात, हा अरवलीचा शेवटचा तुकडा. शहराच्या पातळीहून साठेक फूट उंच. १८५७च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजांची फौज या पहाडीवर तळ देऊन होती. वेढ्याचे महिने पाहा: ज्येष्ठ संपून भाद्रपदापर्यंत. ते युद्ध पावसात लढलं गेलं. तळात चिखल, पटकी, माशा; नजफगढची लढाई २५ ऑगस्टला दलदल तुडवत झाली. हॅरिएट टायटलर ही एका अधिकाऱ्याची बायको त्याच तळावर बैलगाडीत बाळंत झाली. पुढे नवऱ्याबरोबर तिने याच जागांची छायाचित्रंही काढली. १८५८ साली फेलिचे बिआतो आला. त्याने हिंदुराव वाडा, फ्लॅगस्टाफ टॉवर, काश्मिरी दरवाजा आणि रिजवरच्या तोफांच्या जागा टिपल्या. या चित्रांत उजाड, खडकाळ टेकाड आहे, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती आहेत आणि वर कोरं, पांढरं आकाश आहे. कोरडी जमीन, कोरडं आकाश. त्या युद्धातला पाऊस चित्रांतून नाहीसा झाला, आणि पावसाबरोबर त्यातली लाचारी, आजार आणि योगायोगही. उरली ती मोजून मापून मिळवलेल्या विजयाची जागा.

लखनौला सिकंदरबागेत बिआतोने पटांगणात मृतांची हाडं पसरवून चित्र घेतलं असं मानलं जातं. तिथलं मरण कित्येक महिन्यांपूर्वी होऊन गेलेलं होतं. तेव्हा नाट्य त्यालाही हवं होतं. आभाळ हाताशी नव्हतं म्हणून ते जमिनीवर रचलं गेलं.

मुंबई इलाख्यात याच सुमाराला दुसरी गोष्ट घडत होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. १८५५पासून एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग चाले. हरिचंद चिंतामण तिथेच शिकले. म्हणजे कॅमेऱ्यामागे मराठी, गुजराती, पारशी डोळे फार लवकर आले होते. पण सह्याद्रीचा पावसाळा त्यांच्याही हाती लागला नाही, आणि इथे रसायनाच्या जोडीला पंचांग आडवं आलं. सरकारी दौरा हिवाळ्यात निघे. कॅप्टन बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळेच्या इमारती टिपायला निघाला तेव्हापासून पुढच्या पुरातत्त्व सर्वेक्षणांपर्यंत तंबू पडत ते पाऊस सरल्यावर आणि उठत ते ऊन तापण्याआधी. पावसाळा हा घरी बसून प्रिंट काढण्याचा, अहवाल लिहिण्याचा काळ. बोरघाटातला रेल्वेचा चढ १८६३ साली खुला झाला: पंधराएक मैलांत १,८३१ फूट उंची, २५ बोगदे. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पावसाळ्यात उघड्यावरचं काम थांबे. घाट हा घाट झाला तो पावसानेच कापून. पण सरकारी कागदांत आणि चित्रांत तो बहुतेक कोरडाच भेटतो. आपल्याकडच्या डोंगरांचा दृश्य इतिहास हा नोव्हेंबर ते मार्चचा इतिहास आहे. उरलेले महिने ओव्यांत, बखरींत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात सापडतात.

मग बदल झाला तो आधी बर्लिनच्या प्रयोगशाळेत. १८७३ साली हेर्मान फोगेल याला आढळलं की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवाही दिसू लागतो. १९०६च्या सुमारास सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या. आता भिंगापुढे पिवळा फिल्टर लावला की निळं आकाश गडद होई आणि ढग उठून दिसे. मधल्या काळात कोरड्या, तयार काचांमुळे अंधाऱ्या तंबूची गरजही संपली होती. इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला १८९९च्या सप्टेंबरमध्ये डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर कांचनजंगेला वळसा घालायला गेला तेव्हा मोठं वादळ झालं. त्याच वादळात दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून माणसं मेली. वर पर्वतात त्या पावसाचा बर्फ झाला होता, आणि वादळ निवळल्यावर सेल्लाने नव्या बर्फाने झाकलेल्या त्या शिखरांची चित्रं घेतली. हिमालयातलं हवामान छायाचित्रात उतरू लागलं ते असं. शिखरावरचं सौंदर्य आणि उतारावरची दरड एकाच वादळाची होती, हे मात्र चित्रावरून कळत नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १० एप्रिल १९२७ला योसेमिटीच्या दरीत अॅन्सेल अॅडम्सजवळ शेवटची एक काच उरली होती. हाफ डोम या कड्याचं एक चित्र त्याने पिवळ्या फिल्टरने घेतलं होतं. शेवटच्या काचेला गडद तांबडा फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं उमटलं. त्या दिवशी तिथे वादळ नव्हतं, ढगही नव्हते. अॅडम्सचं म्हणणं असं की कडा पाहताना जे वाटलं ते या चित्रात आलं. यानंतरच्या डोंगरचित्रांची भाषाच बदलली. काळं आकाश, उजळलेला कडा, मध्ये कापसासारखे ढग ही जगभरच्या छायाचित्रकारांची बाराखडी झाली. पन्नास वर्षं कॅमेऱ्याला जे आभाळ दिसतच नव्हतं ते आता गरजेपेक्षा जास्त दिसू लागलं. ‘नाट्य’ हा शब्द आला तो इथून. मी अनुवादाला घेतलेल्या फलकांवरही तो बहुधा याच वाटेने पोचला.

आपल्या पावसाळ्याला जगभर प्रसिद्धी मिळाली तीही अशीच रचून. ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या छायाचित्रकाराने १९६०मध्ये भारतातला पाऊस टिपला आणि १९६१ला ‘लाइफ’ मासिकात तो छापून आला. त्यातलं गाजलेलं चित्र चेहऱ्यावर पावसाचे थेंब झेलणाऱ्या मुलीचं. ती मुलगी म्हणजे पुढे ‘३६ चौरंगी लेन’ करणाऱ्या अपर्णा सेन. ते चित्र कलकत्त्यात गच्चीवर, झारीने पाणी शिंपडून घेतलं होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. २०२० साली फोटोशॉपमध्ये एका बटणावर आभाळ बदलण्याची सोय आली. ल ग्रेला दोन काचा आणि कसबी हात लागले होते. आता कुणाही सहलीच्या फोटोवर हवं ते आभाळ बसतं, उजेडाची दिशाही यंत्रच जुळवून देतं.

या सगळ्यात एक गोष्ट खरोखर मिळाली, तिचा आनंद मला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत भटकणारी मुलं भिजत, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कोकणकड्यावर तासन् तास धुकं सरकायची वाट पाहतात आणि इंद्रवज्र टिपतात. साइक्सने शब्दांत ठेवलेलं ते वर्तुळ आता चित्रात आहे. आपल्या डोंगरांचे हरवलेले सात महिने या हौशी लोकांनी परत आणले. कुठल्याही सरकारी दौऱ्याने ते केलं नव्हतं.

पण या भाषेने एक सवयही लावली. डोंगर म्हणजे उंच, कातळाचा, ढगांत डोकं खुपसलेला, असं डोळ्यात बसलं. त्या सवयीचा फटका कुणाला बसतो ते मला घराच्या गच्चीवरून दिसतं. मी फरीदाबादला राहते. इथली अरवली हिमालयाहून कितीतरी जुनी, आणि त्यामुळेच झिजून बुटकी झालेली. काटेरी विलायती कीकर, मंगरबनीसारख्या राखलेल्या देवराईत धाऊची झाडं, बाकी पिवळट दगड. भर दुपारी फोटो काढला तर इथे डोंगर आहे हेच कळत नाही. जूनच्या आंधीनंतर किंवा श्रावणात संध्याकाळी ऊन आडवं आलं की मग प्रत्येक घळ, प्रत्येक खांदा उठून दिसतो. दिल्लीचे हौशी छायाचित्रकार तेव्हाच येतात. त्यांच्या आवडीचं एक दृश्य असतं: काळं आभाळ, तांबूस कडा, आणि खाली निळंहिरवं स्तब्ध तळं. ते तळं निसर्गाने केलेलं नाही. भट्टी आणि आसपासच्या भागात दगड आणि बदरपूर नावाची लाल रेती काढून झाल्यावर सोडून दिलेल्या खाणी आहेत त्या. पाणी भरलं की तळं दिसतं. तो कडा म्हणजे डोंगराचा कापलेला बाजूचा भाग. आभाळ भरून आलेलं असतं म्हणून आपण जखमेला दृश्य म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या या पट्ट्यातल्या खाणकामावर २००२मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये बंदी घातली. २०१८ साली न्यायालयासमोर आलं की राजस्थानात पाहणी केलेल्या १२८ अरवली टेकड्यांपैकी ३१ जागेवर नाहीतच. नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने एक व्याख्या स्वीकारली: आसपासच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून उंच असेल ती अरवलीची टेकडी. लोक रस्त्यावर आले, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. कायद्याची गुंतागुंत मी सांगू शकत नाही. पण शंभर मीटरखालचा डोंगर हा डोंगर नाही असं म्हणताना ते कानाला फारसं खटकत नाही, यात दीडशे वर्षांच्या चित्रांचाही वाटा आहे असं मला वाटतं. ज्या पहाडीवर १८५७चा निकाल लागला ती या मापात कुठेच बसत नाही.

म्हणून अरवलीसाठी मला दोन्ही प्रकारची चित्रं हवीशी वाटतात. पावसाळ्यातली, कारण त्याशिवाय हा डोंगर लोकांच्या डोळ्यांत भरणार नाही; त्याखाली मात्र तळ्याला ‘तळं’ न म्हणता ‘खाण’ म्हणणारी ओळ हवी. आणि दुसरी कंटाळवाणी, दुपारची, तारीख घातलेली, एकाच जागेवरून वर्षानुवर्षं काढलेली. कोऱ्या आकाशाचा एक गुण इथे कामी येतो. पांढऱ्या आकाशावर डोंगराची कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ उमटते. बिआतोच्या किंवा दीनदयाळांच्या चित्रातली ती रेघ पारदर्शक कागदावर उतरवून त्याच जागेवरून आज काढलेल्या चित्रावर ठेवता येते. मग जिथे दोन रेघा जुळत नाहीत, तेवढा डोंगर गेलेला असतो.